कालचा आंकडा

सन २०२५ मधील श्रावणाचा पहिला सोमवार २८ जुलै रोजीं आला होता आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशीं नागपंचमी होती. सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग म्हणून जें गांव लागतें, तेथें आमचें जुनें घर आहे. एरवीं त्यांत आम्ही वृद्ध पतिपत्नी, धाकटे बंधु आणि त्यांचें कुटुंब एवढीच मंडळी असतें. परंतु पंचमीला लेकीबाळी माहेरीं आल्या म्हणजे ओसरी, माजघर आणि माडी यांत पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. त्या दिवशीं बहुतेकांना उपास होता. सकाळीं धाकट्या सूनबाई महादेवाला तांदळाची शिवामूठ वाहून आल्या होत्या, आणि दिवस मावळण्यापूर्वीं पानें मांडावयाचीं म्हणून स्वयंपाकघरांत लगबग चालली होती. बाहेर आभाळ भरून आलें होतें. शेतांतील तूर नि उडीद यांना पाऊस हवा होता, तेव्हां पुरुषमंडळींचें बोलणें एरवीं त्यावरच चाललें असतें. परंतु त्या दिवशीं ओसरीवर निराळाच प्रकार होता. माझ्या नातीनें आपला फोन जुन्या पितळी मापट्याला टेकवून उभा केला होता, आणि लहानथोर दहाबारा माणसें त्या तळहाताएवढ्या पडद्यावरील चौसष्ट घरांकडे टक लावून बसलीं होतीं.

काळ्या समुद्राच्या कांठीं जॉर्जिया नांवाचा एक लहानसा देश आहे. त्या देशांतील बाटुमी शहरीं स्त्रियांच्या बुद्धिबळाच्या विश्वचषक स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता. जगांतील १०७ निवडक स्त्रिया तेथें जमल्या होत्या. तीन आठवड्यांच्या झुंजीनंतर दोघी उरल्या, आणि त्या दोघीहि भारतीय! एक आंध्रांतील कोनेरू हंपी, वय ३८, सन २००२ मध्यें, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षीं ग्रँडमास्टर झालेली. दुसरी आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय १९, आणि ग्रँडमास्टर हा किताब अजून तिच्या नांवामागें लागावयाचा होता.

आमच्या घरीं बुद्धिबळाचा नाद तीन पिढ्यांचा आहे. त्यामुळें डाव सुरू होण्यापूर्वींच ओसरीवर निकाल देऊन झाला होता. धाकटे बंधु म्हणाले, "हंपीच जिंकणार. उगीच पोरीवर आशा ठेवूं नका." मी आयुष्यभर शाळेंत गणित शिकविणारा माणूस, तेव्हां त्यांच्या मताला आंकड्यांची जोड देणें मला माझें कर्तव्यच वाटलें, आणि मी नातीला मानांकनाची रीत समजावून सांगूं लागलों.

वाचकांपैकीं ज्यांना या खेळाचा फारसा परिचय नसेल, त्यांच्यासाठीं ती रीत येथेंहि थोडक्यांत सांगतों. अर्पाद ईलो हे जन्मानें हंगेरियन गृहस्थ अमेरिकेंत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. खेळाडूची ताकद एका आंकड्यांत सांगण्याची पद्धत त्यांनीं बसविली आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेनें ती १९७० सालीं स्वीकारली. दोन खेळाडूंच्या आंकड्यांतील अंतर पाहिलें म्हणजे, त्यांनीं पुष्कळ डाव खेळल्यास गुणांची वांटणी कशी होईल, याचा अंदाज या पद्धतींत बांधतां येतो. आंकडे सारखे असले तर शंभरांपैकीं पन्नास-पन्नास. अंतर २०० असलें तर वरच्याला सुमारें ७६ आणि खालच्याला २४. अंतर ४०० झालें तर खालच्याच्या वांट्याला सुमारें नऊच गुण उरतात. जुलै २०२५ च्या यादींत हंपीचें मानांकन २५४३ होतें आणि दिव्याचें २४६३. म्हणजे अंतर ८०. एवढ्या अंतरानें शंभर डावांत वरच्याला सुमारें ६१ गुण मिळावे आणि खालच्याला ३९.

"म्हणजे दिव्या हरणार, असंच ना आजोबा?" नातीनें विचारलें.

"हरेलच असं नाहीं, पण शहाण्यानं भरंवसा हंपीवर ठेवावा," मी म्हणालों.

माझी लेक, म्हणजे या नातीची आई, माझ्या मागें खांबाला टेकून शेंगा सोलीत बसली होती. ती कांहींच बोलली नाहीं.

वस्तुतः दिव्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचली हेंच आंकड्यांना न जुमानणारें होतें. स्पर्धेच्या आरंभीं लावलेल्या यादींत तिचा अनुक्रम पंधरावा होता. वाटेंत तिनें दुसऱ्या अनुक्रमाची चीनची झू जिनर हिला हरविलें; मग आपलीच द्रोणवल्ली हारिका; आणि उपान्त्य सामन्यांत एके काळची जगज्जेती तान झोंगयी हिला, तेंहि १०१ चालींच्या एका प्रदीर्घ डावांत. असा प्रकार तिच्याकडून प्रथमच घडत होता असेंहि नव्हे. सन २०२३ मध्यें कलकत्त्याच्या जलद डावांच्या स्पर्धेंत ऐन वेळीं दुसऱ्या एका खेळाडूच्या जागीं तिला बोलावून घेतलें होतें. तेथें आरंभींच्या यादींत तिचें नांव तळाशीं होतें. स्पर्धा संपली तेव्हां तें सर्वांच्या वर होतें. हें सर्व मला ठाऊक होतें. तरीहि मीं सांगितलें तें आंकड्यांचेंच. माणसाला जें ठाऊक असतें त्यापेक्षां जें मोजतां येतें त्यावर त्याचा विश्वास अधिक बसतो, हा माझ्या पेशाचा दोष असावा.

अंतिम सामन्याचे दोन दीर्घ डाव २६ व २७ जुलैला बरोबरींत सुटले होते. आतां जलद डावांवर निकाल लागावयाचा होता. प्रत्येकीला पंधरा मिनिटें आणि दर चालीमागें दहा सेकंदांची भर, असा हिशेब होता. पहिल्या डावांत पांढऱ्या सोंगट्या दिव्याकडे होत्या; तोहि डाव बरोबरींत गेला. दुसऱ्या डावांत पांढऱ्या सोंगट्या हंपीकडे आल्या. पहिली चाल पांढऱ्याची असते. म्हणून दोघे सारख्या ताकदीचे असले तरी पारडें किंचित् त्या बाजूला झुकलेलें असतें. अशा रीतीनें मानांकन, अनुभव आणि सोंगट्यांचा रंग या तिन्ही गोष्टी आतां हंपीच्या पक्षीं होत्या. बंधूंनीं माझ्याकडे पाहून मान हालविली. मींहि हालविली.

डाव लांबत गेला. पटावरील सोंगट्या कमी होत गेल्या आणि घड्याळांतील वेळहि. ज्यांनीं स्पर्धेंत एकदां तरी घड्याळ दाबलें आहे, त्यांनाच या अवस्थेची कल्पना येईल. ओसरीवर बसलेल्याला सुचणारी चाल तेथें बसलेल्याला सुचत नाहीं. कारण ओसरीवरच्याला कांहीं गमवावयाचें नसतें. अशा वेळीं जन्मभराची विद्याहि सेकंदाच्या कांट्याला बांधली जाते. हंपीचा वेळ संपत आला आणि तिच्या हातून चूक झाली. दिव्याची बाजूहि कांहीं अगदीं निर्दोष होती असें नाहीं. पण शेवटची आणि महाग पडणारी चूक हंपीची ठरली. थोड्याच वेळांत तिनें हार मान्य करून हात पुढें केला. अडीच विरुद्ध दीड गुणांनीं सामना संपला. दिव्याला अश्रु आवरेनात. उठून ती आईला बिलगली. आमच्या घरांतील स्त्रियाहि तोंवर स्वयंपाकघर सोडून दाराशीं येऊन उभ्या होत्या. त्यांतील दोघींना प्यादें कोणतें आणि उंट कोणता हें ठाऊक नाहीं. परंतु पदर डोळ्यांना लावण्यासाठीं तें ज्ञान लागत नाहीं.

या एका विजयानें दिव्या ग्रँडमास्टर झाली. एरवीं त्या किताबासाठीं स्पर्धांमधून तीन वेळां ठराविक दर्जाची कामगिरी करावी लागते आणि मानांकन २५०० पर्यंत न्यावें लागतें. तिच्या नांवावर तशी एकहि कामगिरी जमा नव्हती आणि मानांकनहि २५०० च्या खालींच होतें. पण विश्वचषक जिंकणारीला हा किताब थेट मिळतो, असा नियम आहे. त्या नियमानें ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली आणि स्त्रियांमध्यें हंपी, हारिका व वैशाली यांच्या मागोमाग चौथी.

"नशीब पोरीचं," बंधु म्हणाले. मीं गणिताचें समर्थन करण्यासाठीं म्हटलें, "यांत चमत्कार कांहीं नाहीं. शंभरांत ३९ गुण खालच्याचेच होते. त्यांतला एक आज तिनं घेतला."

तेव्हां इतका वेळ गप्प बसलेली माझी लेक मागून म्हणाली, "बाबा, ही मानांकनाची यादी किती दिवसांनीं बदलते हो?"

"दर महिन्याला," मी म्हणालों. "झालेल्या डावांचा हिशेब करून नवी यादी निघते. खालच्यानं वरच्याला हरवलं तर त्याचा आंकडा अधिक वाढतो आणि वरच्याचा तितका उतरतो."

"असं होय," ती म्हणाली, आणि शेंगांचें सूप उचलून आंत जातां जातां अगदीं हलक्या आवाजांत म्हणाली, "माझी यादी मात्र तुम्हीं कधींच बदलली नाहींत."

कोणाच्या तें ध्यानांत आलें नसावें. माझ्या मात्र पुरतें ध्यानांत आलें.

गोष्ट सन १९९५ मधील उन्हाळ्याच्या सुटीची आहे. त्या वेळीं नोकरीनिमित्त आमचें बिऱ्हाड सोलापुरास होतें. लेक चौदा वर्षांची होती. तिला बुद्धिबळ मींच शिकविलें होतें, आणि आसपासच्या लहानसहान सामन्यांत ती बरी खेळत असे. परगांवीं मुलींची एक मोठी स्पर्धा भरावयाची होती. तिचें नांव मींच पाठविलें होतें. पुढें स्पर्धेला येणाऱ्या मुलींची यादी टपालानें आली. ती मागील कामगिरीवरून लावलेली होती, आणि तींत आमच्या लेकीचें नांव अगदीं खालीं होतें. मीं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. सात फेऱ्यांत हिला फार तर दीड गुण मिळेल. दोघांचें जाणें-येणें आणि आठवडाभर बाहेर राहणें यांचा खर्च इतका. शिवाय पुढें दहावीचें वर्ष. मीं तिला जवळ बसवून तो कागद दाखविला आणि म्हटलें, "हरायलाच जायचं तर एवढ्या लांब कशाला? पुढच्या वर्षीं चांगली तयारी करून जाऊं."

"बरं, बाबा," ती म्हणाली. तिनें वाद घातला नाहीं, कीं डोळ्यांत पाणी आणलें नाहीं. पुढचें वर्ष दहावीचें होतें. त्याच्या पुढचीं कशाकशाचीं. ती स्पर्धा तिच्या आयुष्यांत पुन्हां आली नाहीं. आज ती पुण्यास एका बँकेंत अधिकारी आहे, तिचा संसार सुखाचा आहे, आणि तिनें या गोष्टीचा उच्चार तीस वर्षांत एकदांहि केला नव्हता. मीहि ती विसरलों होतों. माझ्या लेखीं तो एक शहाणपणाचा निर्णय होता आणि शहाणपणाचे निर्णय माणूस लवकर विसरतो.

त्या रात्रीं फराळ-जेवण आटोपल्यावर मी माडीवर जाऊन पडलों, पण झोंप येईना. माझ्या हिशेबांत चूक होती का? नव्हती. दीड गुणाचा अंदाज कदाचित् अगदीं बरोबरहि ठरला असता. चूक हिशेबांत नव्हती. त्या हिशेबाचा मीं जो उपयोग केला त्यांत होती. मानांकनाचा आंकडा हा माणसानें कालपर्यंत काय केलें, याची नोंद असतो. ती नोंद खोटी नसते. परंतु ती नोंद पुढें करून उद्यांचा डावच मांडूं द्यावयाचा नाहीं, असें ठरविलें म्हणजे तो आंकडा बदलावयाचा एकुलता एक मार्गच आपण बंद करतों. जो खेळतो त्याचा आंकडा चढतो किंवा उतरतो. ज्याला खेळूंच दिलें नाहीं, त्याचा कायमचा गोठतो. जागतिक संघटनेची यादी महिन्या-महिन्याला सुधारते. माझ्या लेकीविषयींची माझ्या मनांतील यादी १९९५ सालीं लिहिलेली होती आणि तीस वर्षें तशीच राहिली होती.

याचें अधिक वाईट वाटावयाचें कारण असें कीं, आमच्या घरांत पूर्वीं याहून चांगली रीत होती. माझे आजोबा याच वळसंगच्या ओसरीवर रोज तिसऱ्या प्रहरीं पट मांडीत. ते देशी रीतीनें खेळत. त्या रीतींत प्यादें पहिल्या चालींतहि एकच घर पुढें सरकतें, आणि राजाला शह लागलेला नसेल तोंवर त्याला एकदां घोड्याची उडी घेतां येते. प्याद्यानें दिलेली मात त्यांत सर्वांत मानाची समजत. वजीर-हत्तींनीं कोणीहि मात करील, प्याद्याकडून करवून घेईल तो खरा खेळाडू, असें आजोबा म्हणत. घरांतील आणि शेजारपाजारच्या खेळणारांची एक उतरंड ते ओसरीच्या दाराच्या मागल्या बाजूस खडूनें लिहून ठेवीत. पहिलें नांव बहुधा त्यांचेंच असे. परंतु खालच्यानें वरच्याला हरविलें कीं त्याच संध्याकाळीं ते स्वतः उठून ओल्या फडक्यानें दोन नांवें पुसीत आणि उलट क्रमानें लिहीत. एकदां माझी धाकटी आत्या, वयानें पंधरा-सोळा वर्षांची, थोरल्या काकांना हरवून वर गेली. काकांनीं कुरकुर केली, "आतां हिचं नांव माझ्या वर लिहायचं का?" आजोबा म्हणाले, "ओसरीवर ती तुझी धाकटी बहीण. पटावर तुला हरवणारी." आणि त्यांनीं नांव लिहिलें. पुढच्या आठवड्यांत काकांनीं तिला हरवून आपली जागा परत मिळविली. तेंहि आजोबांनीं तितक्याच तत्परतेनें लिहिलें. मीं हें डोळ्यांनीं पाहिलें होतें. आजोबांची यादी खडूची होती. मीं शिकलेल्या माणसानें ती शाईची केली.

आंकडे नव्हते तेव्हांहि याद्या होत्याच. पंजाबांतील मीर सुलतान खान हा देशी रीतीचाच बुद्धिबळ शिकून वाढलेला. सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरीं तो असे, आणि त्यांच्याबरोबरच विलायतेस गेला. सन १९३०-३१ मधील हेस्टिंग्जच्या स्पर्धेंत त्याची गांठ कापाब्लांका याच्याशीं पडली. कापाब्लांका म्हणजे माजी जगज्जेता. हरविण्यास अत्यंत कठीण अशी त्याची ख्याति. पाश्चात्त्य रीतीचे नियम अलीकडेच शिकलेल्या या माणसानें त्याला त्या डावांत हरविलें. त्या काळीं मानांकन असतें तर दोघांत किती अंतर निघालें असतें, हें सांगणें कठीण. पण पाहणारांच्या मनांतील यादींत कोण वर होता आणि कोण खालीं, हें उघड होतें. सुलतान खान १९६६ सालीं वारला आणि जागतिक संघटनेनें त्याला ग्रँडमास्टर हा सन्मानाचा किताब दिला तो २०२४ सालीं! याद्या सुधारतात खऱ्या. पण कधीं कधीं माणूस गेल्यावर.

आणि कांहीं याद्यांत तर नांव घालावयाचीच बंदी असते. मुंबईच्या खाडिलकर भगिनी आमच्या पिढीच्या चांगल्या स्मरणांत आहेत. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघीहि राष्ट्रीय विजेत्या. त्यांतील सर्वांत धाकटी रोहिणी १९७६ सालीं तेरा वर्षांची असतांना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत खेळावयास उतरली, तेव्हां केवढा गहजब झाला! प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें; आणि जागतिक संघटनेचे तेव्हांचे अध्यक्ष, माजी जगज्जेते माक्स यूवे यांनीं, स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळतां येणार नाहीं असा निर्णय दिला. हीच रोहिणी पुढें १९८१ सालीं आशियाची विजेती झाली. तिला हरण्याची मोकळीक मिळाली म्हणून जिंकण्याची मिळाली. दिव्यालाहि हें चुकलें नाहीं. २०२४ च्या जानेवारींत नेदरलंडमधील एका स्पर्धेनंतर तिनें जाहीरपणें लिहिलें होतें कीं, प्रेक्षक आपल्या चालींपेक्षां आपले कपडे, केस आणि उच्चार यांविषयींच अधिक बोलतात. म्हणजे पटावरच्या यादीशिवाय आणखी एक यादी तिच्यासाठीं तयार होती. ती तिनें मानली नाहीं.

येथें हंपीविषयीं दोन शब्द लिहिले नाहींत तर अन्याय होईल. वरच्या अनुक्रमाचा मनुष्य हरला म्हणजे पाहणाराला एक प्रकारचा आनंद होतो. तो फारसा निर्मळ नसतो. हंपीचा आंकडा कोणी तिला दान दिलेला नव्हता. ती आई झाल्यावर कांहीं काळ खेळापासून दूर राहिली आणि परत आली. २०१९ सालीं जलद डावांची जगज्जेती झाली आणि २०२४ सालीं पुन्हां झाली. जेथें सदतीसाव्या वर्षीं जगज्जेतेपद परत मिळवितां येतें, तेथें 'आतां हिचें वय झालें' असें म्हणणारी यादीहि तितकीच शाईची ठरते. तेव्हां या सामन्यावरून कोणी असा अर्थ काढूं नये, कीं अनुक्रम, अनुभव नि अभ्यास हें सारें थोतांड आहे. तसें असतें तर दिव्यानें लहानपणापासून इतकीं वर्षें घासलीं कशाला? एकसष्ट हा आंकडा खरा आहे. पण एकोणचाळीस हाहि तितकाच खरा आहे, आणि मीं आयुष्यभर पहिलाच मोठ्यानें वाचला.

दुसऱ्या दिवशीं नागपंचमी. चिरणें-तळणें वर्ज्य, म्हणून स्वयंपाक उकडीचा होता. सकाळीं नागोबाची पूजा झाली, मुलींनीं झोका बांधला. दुपारीं सारीं पडलीं असतांना मी माडीवरून तो जुना पट खालीं आणला. लेक ओसरीवरच बसली होती. मीं तिला म्हटलें, "त्या वर्षीं मीं तुला पाठवायला हवं होतं. माझं चुकलं."

ती कांहीं वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हरलेच असतें हो मी तिथं, बाबा. तेवढं मलाहि कळत होतं. पण हरून आलें असतें ना, तर पुढच्या वर्षीं कशासाठीं तयारी करायची तें तरी कळलं असतं." आणि किंचित् हंसून पुढें म्हणाली, "आणि एक सांगूं? तुम्ही नेहमीं म्हणतां, यादींत माझं नांव शेवटचं होतं. शेवटून दुसरं होतं."

तीस वर्षांपूर्वींच्या एका कागदावरील एक जागा! मला तिचा विसर पडला होता, तिला नव्हता.

आम्हीं पट मांडला. तिनें इतक्या वर्षांत क्वचितच सोंगट्यांना हात लावला होता, तरी डाव चांगला रंगला. मी जिंकलों; आणि जाणूनबुजून हरून तिची समजूत काढण्याचा मोह मला झाला नाहीं, याचें आतां समाधान वाटतें. तसें करणें म्हणजे तिचा आंकडा पुन्हां एकदां मींच ठरविणें झालें असतें. डाव संपल्यावर माझ्या जागीं नात येऊन बसली. तिला येत्या दिवाळीच्या सुटींत पुण्याच्या एका स्पर्धेंत खेळावयाचें होतें आणि तिच्या वडिलांच्या मतें ती अजून तयार नव्हती. तिनें माझ्याकडे पाहिलें. मीं या वेळीं कागद-पेन्सिल घेतली नाहीं. "नांव घाल," मी म्हणालों.

प्रत्येक मोठ्या कुटुंबांत अशी एक न लिहिलेली यादी असते. थोरला हुशार, मधला व्यवहारी, धाकटा उनाड. ही सून कर्तबगार, ती जरा मंद. हा मुलगा पुढें जाईल, ही मुलगी आपली बरी. बहुधा ती पहिल्या चारदोन प्रसंगांवरून लिहिली जाते, आणि मग वर्षानुवर्षें कोणी तिच्याकडे वळूनहि पाहत नाहीं. ती मुळींच असूं नये, असें मी म्हणत नाहीं. माणसें एकत्र राहूं लागलीं कीं ती होणारच. मी एवढेंच म्हणतों, कीं ती आमच्या आजोबांप्रमाणें खडूनें लिहावी, ओलें फडकें जवळ ठेवावें, आणि ज्याचें नांव सर्वांत खालीं असेल त्याला निदान पटावर बसूं द्यावें.